मिचम करतो तरी काय?

आमच्या घरात गेली चार वर्षं एक परपुरुष वावरतो आहे. उंची सहा फूट एक इंच, खांदे कपाटाएवढे, पापण्या कायम अर्ध्या मिटलेल्या, आणि १९९७ सालीच वारलेला. शेवटच्या मुद्द्याने मला दिलासा मिळायला हवा, पण मिळत नाही. जिवंत माणसाचं पोट सुटतं, केस जातात, मुलाखतीत तो काहीतरी मूर्खासारखं बोलून जातो. हा मात्र १९४७ सालात जाऊन उभा राहिलाय, कललेली हॅट आणि अंगात मळकट रेनकोट घालून, आणि तिथून हलायला तयार नाही. त्याच्याशी टक्कर द्यायची ती मी, ज्याचा जवळचा आणि लांबचा असे दोन्ही नंबर परवाच वाढलेत.

त्याचं नाव रॉबर्ट मिचम. आमची ही त्याच्या पक्षात आहे. मी बोगार्टवाला. लग्नाआधी पत्रिका बघितल्या, पण ही गोष्ट कुणी विचारलीच नाही.

हे सगळं सुरू झालं डॉक्टरांमुळे. आमच्या सोसायटीत डोळ्यांचे एक डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे भिंतभर टीव्ही आहे आणि जुन्या इंग्रजी सिनेमांचं कपाट आहे. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण त्यांच्याकडे जमतो. आधी सिनेमा, मग पोहे, मग भांडण. सिनेमा दीड तासाचा, पोहे दहा मिनिटांचे, भांडण पुढच्या रविवारपर्यंत पुरतं.

डॉक्टरांना वेड आहे फिल्म नॉयरचं. नॉयर म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. युद्धाच्या काळात अमेरिकी सिनेमे फ्रान्समध्ये पोचत नव्हते. युद्ध संपल्यावर ते गठ्ठ्यानेच आले आणि १९४६ साली नीनो फ्रांक नावाच्या समीक्षकाला जाणवलं, की यांतले बरेचसे एकाच काळोखातले आहेत. तेच ओले रस्ते, तीच फसवणारी बाई, तोच शहाणा असूनही फसणारा पुरुष. त्याने नाव ठेवलं आणि ते चिकटलं. ज्यांनी हे सिनेमे काढले त्या हॉलिवूडवाल्यांना आपण नॉयर काढतोय याचा पत्ताच नव्हता. ते बिचारे गुन्हेगारीचे सिनेमे काढत होते, आणि पैसे कमी पडले की दिवे कमी लावत होते. आमच्या जिन्यातला दिवा गेली दोन वर्षं असाच लुकलुकतो. पॅरिसहून अजून कुणी आलेलं नाही.

तर चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी लावला ‘आउट ऑफ द पास्ट’. १९४७ चा, आर. के. ओ. स्टुडिओचा, दिग्दर्शक जाक तूर्नर. कॅलिफोर्नियातल्या ब्रिजपोर्ट नावाच्या गावात एक माणूस गुपचूप पेट्रोल पंप चालवतोय. मदतीला एक मूकबधिर मुलगा. सुखात चाललंय. आणि जुन्या ओळखीचा एक माणूस गाडीतून उतरतो. पूर्वी हा पंपवाला खाजगी गुप्तहेर होता. एका बड्या जुगाऱ्याची मैत्रीण त्याला गोळी घालून, चाळीस हजार डॉलर घेऊन पळाली होती. तिला शोधायला हा मेक्सिकोत गेला. ती सापडली. आणि मग व्हायचं तेच झालं.

आपण कुठल्या बाईच्या प्रेमात पडतोय हे त्या माणसाला नीट कळत असतं. ती खोटं बोलतेय हेही कळत असतं. तरी तो हातातला ग्लास खाली ठेवतो आणि जातो. मिचमने हे सगळं एका भुवईवर निभावलंय. दुसरी भुवई त्याने पुढच्या सिनेमासाठी राखून ठेवली असावी.

दिवे लागले. पोहे आले. आमच्यातले बँकेतून निवृत्त झालेले काका पहिल्यांदा बोलले. काकांनी आयुष्यभर कर्जाची प्रकरणं तपासली, त्यामुळे कागदोपत्री पुराव्याशिवाय त्यांना काही पटत नाही.

‘‘ठीक आहे,’’ ते म्हणाले, ‘‘पण हा करतो तरी काय?’’

आमची ही गप्प होती. लग्नाला एकतीस वर्षं झाली, मी ओळखतो ते गप्प बसणं. साडीच्या दुकानात पन्नास साड्या उलगडून झाल्यावर जी एक मनात बसते, तिच्याकडे ती अशी गप्प होऊन बघते. त्यानंतर किंमत विचारण्यात अर्थ नसतो.

‘‘काहीच करत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तेच तर.’’

हे ऐकून मी पोह्यांत लिंबू जरा जास्तच पिळलं. कारण ‘काहीच करत नाही’ हाच माझ्यावरचा एकतीस वर्षांचा आरोप आहे. रविवारी आरामखुर्चीत पापण्या अर्ध्या मिटून मी बसतो तेव्हा ते दृश्य मिचमच्या कुठल्याही क्लोजअपच्या जवळपास जातं. फरक एवढाच, की त्याच्यावर प्रकाशयोजना निकोलस मुसुराका नावाच्या छायाचित्रकाराने केली होती आणि माझ्यावर ट्यूबलाइट आहे.

डॉक्टरांनी विषय शास्त्रीय पातळीवर नेला. त्यांच्या मते यात अभिनय वगैरे काही नाही, वरच्या पापण्या उचलणारा स्नायू ढिला आहे. याला टोसिस म्हणतात आणि साधी शस्त्रक्रिया करून तो बरा होतो. मिचम स्वतः त्या पापण्यांचं श्रेय निद्रानाशाला आणि मुष्टियुद्धात बसलेल्या ठोशांना द्यायचा. डॉक्टर म्हणाले, ‘‘माझ्याकडे आला असता तर वीस मिनिटांत सरळ करून दिला असता.’’ खोलीतल्या तीन बायकांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी टीव्हीचा रिमोट हातात घेऊन उगाच बॅटऱ्या तपासल्या.

बोगार्टची बाजू मांडायची जबाबदारी माझ्यावर आली. मी तयारी करून गेलो होतो. हंफ्री बोगार्ट म्हणजे या काळ्या सिनेमाचा आद्यपुरुष. १९४१ साली ‘द मॉल्टीज फाल्कन’. ती भूमिका आधी जॉर्ज राफ्टला देऊ केली होती; नवख्या दिग्दर्शकाबरोबर काम नको म्हणून त्याने नाकारली. नवखा दिग्दर्शक म्हणजे जॉन ह्यूस्टन. पुढच्या वर्षी ‘कासाब्लांका’. १९५७ च्या जानेवारीत बोगार्ट गेला, आणि त्याच वर्षी हार्वर्डजवळच्या ब्रॅटल थिएटरमध्ये ‘कासाब्लांका’ लागला, तेव्हा पोरांनी तो इतक्या वेळा बघितला की पुढे पडद्याच्या आधी प्रेक्षकच संवाद म्हणायला लागले. परीक्षेच्या दिवसांत बोगार्टचे सिनेमे बघायचे ही तिथली प्रथाच पडली. आपल्याकडे परीक्षेच्या आधी मारुतीला जातात, त्यातलाच प्रकार. फ्रान्समध्ये गोदारच्या ‘ब्रेथलेस’मध्ये नायक बेलमोंदो बोगार्टच्या पोस्टरसमोर उभा राहून ओठावरून अंगठा फिरवतो. मिचमसमोर कोण उभं राहिलं?

‘‘मिचमसमोर उभं राहायला स्टूल लागतं,’’ ही म्हणाली.

हा घाव वर्मी होता. बोगार्ट पाच फूट आठ इंच. ‘कासाब्लांका’त इन्ग्रिड बर्गमनपेक्षा उंच दिसावं म्हणून त्याच्या बुटांखाली ठोकळे बसवावे लागले होते. आणि चँडलरच्या ‘द बिग स्लीप’ या कादंबरीत सुरुवातीलाच एक आगाऊ पोरगी गुप्तहेर मार्लोला बघून ‘उंच आहेस की रे’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणते. १९४६ च्या सिनेमात मार्लो झाला बोगार्ट, तेव्हा ते वाक्य चक्क उलटं करावं लागलं. तिथे ती त्याला बुटका ठरवते. वाक्य बदललं पण नट बदलला नाही, याला मी बोगार्टची थोरवी समजतो. ही याला सवलत समजते.

‘‘आणि त्या सिनेमात ड्रायव्हरला कुणी मारलं?’’ काकांनी मध्येच विचारलं. काकांना हिशोब अपुरा राहिलेला चालत नाही. मी सांगितलं, की हा प्रश्न सिनेमा काढणाऱ्यांनाही पडला होता. त्यांनी खुद्द चँडलरलाच विचारलं, आणि त्यालाही ते माहीत नव्हतं. काका त्या रात्री नीट झोपले नाहीत असं दुसऱ्या दिवशी काकूंनी सांगितलं.

मग मी भावनेचा मुद्दा काढला. बोगार्टच्या चेहऱ्यावर जखम दिसते, कुणीतरी कधीतरी त्याला फार दुखावलंय आणि तो ते विनोदाखाली लपवतोय, असं. बाईला ते कळतं.

‘‘कळतं ना,’’ ही म्हणाली. ‘‘इतकं कळतं की कंटाळा येतो. सारखा आपला दुखावलेला. पॅरिसला कोण सोडून गेली म्हणून मोरोक्कोत दुकान टाकून बसलाय. एवढं दुखतंय तर सांग की बाबा एकदाचं.’’

बोगार्टबद्दल इतकं अरसिक बोलणं मी ऐकलेलं नाही. शिवाय ते दुकान नव्हतं, कॅफे होता. पण मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी चारित्र्यावर घसरलो. वकील हरायला लागला की घसरतो तसा. मिचमला १९४८ साली गांजा ओढताना पोलिसांनी पकडलं होतं, रात्री, एका नटीच्या घरात, छापा टाकून. तुरुंगात गेला तो. बोगार्ट मात्र न्यूयॉर्कच्या डॉक्टरांचा मुलगा. त्याची आई चित्रकार होती आणि बाळ हंफ्रीचं तिने काढलेलं चित्र लहान मुलांच्या खाद्याच्या जाहिरातीत छापून आलं होतं.

हे शेवटचं मी बोललो नसतो तर बरं झालं असतं. हॉलिवूडचा सगळ्यात निबर पुरुष सेरेलॅकच्या डब्यावरच्या बाळासारखा होता, हे चित्र खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि तिथेच राहिलं. त्यानंतर कुठल्याही सिनेमात बोगार्टने पिस्तूल काढलं की कुणीतरी ‘भूक लागली असेल’ म्हणतं.

उलट तुरुंगाच्या मुद्द्याने मिचमचीच बाजू भक्कम झाली, कारण ती गोष्टच तशी आहे. अटक झाल्यावर व्यवसायाच्या रकान्यात त्याने ‘माजी नट’ असं सांगितलं. त्याची समजूत अशी, की संपलं सगळं. त्या काळात एखाद्या नटाने घटस्फोट घेतला तरी स्टुडिओवाल्यांना घाम फुटायचा, हा तर गांजा. साधारण दीड महिना त्याने शिक्षा भोगली, तुरुंगाची फरशी पुसतानाचे त्याचे फोटो छापून आले, आणि बाहेर आल्यावर पत्रकारांनी विचारलं कसं होतं, तर त्याने एका श्रीमंती विश्रामस्थळाचं नाव घेतलं आणि म्हणाला, अगदी तसंच, फक्त तिथली फालतू माणसं वजा. दरम्यान त्याचा आधीच तयार असलेला एक सिनेमा स्टुडिओने प्रदर्शित करून टाकला होता, तो जोरात चालला. लोकांना धक्का वगैरे बसलाच नाही. पडद्यावर जो माणूस त्यांनी बघितला होता तोच पोलिसांनी पकडला होता. तक्रार कशाची करणार?

या मुद्द्यावर काकाही डळमळले. ‘‘कागदपत्रं आणि माणूस जुळतायत,’’ ते पुटपुटले. बँकेच्या भाषेत ही फार मोठी प्रशस्ती आहे.

काकांना मिचमकडे पूर्ण वळवलं ते मात्र ज्योतिषाने. काका पत्रिका बघतात. मिचम सिनेमात येण्याआधी, तिशीच्या दशकाच्या शेवटी, कॅरल रायटर नावाच्या ज्योतिषासाठी लेखनिकाचं काम करत होता. हा रायटर पुढे हॉलिवूडच्या ताऱ्यांचा ज्योतिषी म्हणून गाजला. म्हणजे एखादी श्रीमंत बाई भविष्य विचारायला यायची आणि तिच्या नशिबात काय आहे ते लिहायला मागे रॉबर्ट मिचम बसलेला असायचा. सगळ्या नॉयर सिनेमांची कथा यात आली. काकांनी लगेच जन्मतारीख मागितली. ६ ऑगस्ट १९१७, ब्रिजपोर्ट, कनेक्टिकट. ब्रिजपोर्टचं नाव ऐकून डॉक्टर खुर्चीतून उठलेच, कारण सिनेमातला पेट्रोल पंपही ब्रिजपोर्टमध्येच, फक्त दुसऱ्या राज्यातल्या. असा योगायोग नॉयरप्रेमी माणसाला दोन दिवस पुरतो. काकांचा प्रश्न वेगळा होता. पाश्चात्त्य पद्धतीने हा सिंह राशीचा, पण आपल्या निरयन पद्धतीने रवी कर्केतच. ‘‘म्हणजे बघा,’’ काका म्हणाले, ‘‘बाहेरून सिंह, आतून खेकडा. तिरका चालणार, आणि ओढायला गेलं की बिळात.’’

मिचमवर इतकी समर्पक टीका मी वाचलेली नाही. बाकी समीक्षकांना पत्रिका येत नाही, हीच अडचण असावी.

डॉक्टरांकडे सिनेमा बघण्यात अजून एक गंमत आहे. आपल्याकडे थिएटरात पडद्यावर सिगारेट दिसली की कोपऱ्यात धूम्रपानाच्या इशाऱ्याची पाटी येते. वुडी ॲलनने त्यापायी २०१३ साली ‘ब्लू जॅस्मिन’ भारतात लावूच दिला नव्हता. डॉक्टरांच्या घरी जुन्या डिस्कवर पाटी नसते, पण ते काम डॉक्टरीणबाई करतात. त्या छातीच्या रोगांच्या तज्ज्ञ आहेत. ‘आउट ऑफ द पास्ट’मध्ये तर माणसं बोलण्यापेक्षा ओढतात जास्त. समीक्षक रॉजर ईबर्टने त्याला सिगारेट ओढण्याचा सर्वांत थोर सिनेमा म्हटलंय, आणि कारणही दिलंय, की जिथे धूर सोडला जाणार त्या रिकाम्या जागेत दिग्दर्शकाने भरपूर प्रकाश टाकलाय. एका प्रसंगात नवखा कर्क डग्लस ऐटीत सिगारेटचं पाकीट पुढे करतो, आणि मिचम फक्त हात वर करतो. हातात आधीच पेटलेली असते. दोन पुरुषांतलं आख्खं युद्ध त्या एका हाताच्या उचलण्यात मिटतं. आम्ही सगळे ‘वा!’ म्हणतो, आणि अंधारातून डॉक्टरीणबाईंचा आवाज येतो, ‘‘एम्फिसीमा. आणि फुप्फुसाचा कॅन्सर. तुमच्या त्या बोगार्टला अन्ननलिकेचा.’’ दोन्ही निदानं अचूक आहेत. पण ‘वा!’ नंतर लगेच येतात.

दरम्यान माझी भाची शिकायला आमच्याकडे राहायला आली आणि ओघानेच बैठकीत आली. तिचं वय बावीस. तिने पहिल्याच रविवारी वही काढली आणि मिचमचे ‘रेड फ्लॅग’ मोजले. अकरा निघाले. ‘‘मामी, हा माणूस भावनिकदृष्ट्या उपलब्धच नाहीये,’’ ती म्हणाली. ‘‘याला थेरपीची गरज आहे.’’ मग तिने नायिकेचे मोजायला घेतले आणि वहीचं पान पुरलं नाही. ती बाई सिनेमाभर गोळ्या घालत सुटलेली असते, त्यामुळे भाचीला नंतर तिच्याबद्दल थोडा आदरच वाटला.

तिचं मत होतं, की खरा आकर्षक माणूस डिक पॉवेल. कारण त्याने स्वतःला बदललं. हे खरंच आहे. पॉवेल हा तिशीच्या दशकातला गोड गळ्याचा, गुलाबी गालांचा गाणारा नायक. १९४४ साली तो अचानक दाढी वाढवून गुप्तहेर मार्लो झाला. कादंबरीचं नाव ‘फेअरवेल, माय लव्हली’. सिनेमाही त्याच नावाने काढला, तर पॉवेलचं नाव बघून लोकांना वाटलं हा संगीतपटच. शेवटी स्टुडिओने नावात खून घातला, ‘मर्डर, माय स्वीट’ केलं, तेव्हा लोकांचा विश्वास बसला. भाचीचं म्हणणं, माणसाने करियर असं बदलावं. काकांचं म्हणणं, गाणाऱ्यावर भरवसा ठेवू नये. त्यावर डॉक्टरांनी उठून मिचमची १९५७ ची तबकडी लावली. कॅरिबियन बेटांवर चित्रीकरणाला गेला असताना तिथलं कॅलिप्सो संगीत ऐकून त्याने आख्खी तबकडीच गाऊन टाकली होती, तिथल्या उच्चारांसकट. दोन गाणी आम्ही शांतपणे ऐकली. तिसऱ्याला काकूंनी चहाचं विचारलं. खूप प्रेम करणाऱ्या माणसांतच अशी शांतता असते.

सासूबाई मधून मधून येतात. त्यांना इंग्रजी येत नाही, पण त्यांनी तरुणपणी मुंबईत देव आनंदचा ‘बाजी’ बघितलाय. तोही नात्यातलाच म्हणायचा. गुरुदत्तने १९५१ साली काढला तेव्हा डोळ्यांसमोर रिटा हेवर्थचा ‘गिल्डा’ होता. तोच जुगाराचा अड्डा, तीच तिरकी टोपी. सासूबाईंना मी विचारलं, देव आनंद बरा का हा? त्या म्हणाल्या, ‘‘देव आनंद गोड होता हो. पण तो सारखा निघालेला असायचा. हा आलेला वाटतो.’’

यावर आम्ही बराच काळ बोललो. पण या वाक्याचा धागा हिने जो पकडला, तो मात्र माझ्या मनातून गेला नाही. ही म्हणाली, ‘‘आई म्हणतेय तेच. बाकीचे सगळे पडद्यावर येऊन आपल्याकडे अर्ज करतात. मला पसंत करा. बोगार्टही करतो, दुखणं जोडून, दाखल्यासकट. देव आनंद तर तीन प्रतींत करतो. हा अर्ज करायला आलेलाच नाही. हा त्याच्या दुसऱ्याच कामाला आलाय, आणि आपण त्याला रांगेत उभं बघतोय.’’

काकांनी चष्मा काढून पुसला. चाळीस वर्षं अर्ज तपासलेल्या माणसाला हे वाक्य कुठे लागलं असेल याची मला कल्पना आहे.

मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, अर्ज न करणं म्हणजे आळस. मिचम संहितेच्या समासात ‘इथे अभिनयाची गरज नाही’ अशी खूण करून ठेवायचा, असं सांगतात. पण डॉक्टर आमच्याच बाजूचे असून फितूर झाले. त्यांनी जॉन ह्यूस्टनची गोष्ट सांगितली. हा तोच ह्यूस्टन, आमच्या बोगार्टचा. १९५७ साली आलेला एक युद्धपट त्याने मिचमबरोबर टोबॅगो बेटावर केला. एका दृश्यात मिचमला गवतातून कोपरांवर सरपटायचं होतं. ह्यूस्टनने पुन्हा करायला लावलं, पुन्हा करायला लावलं. दृश्य झाल्यावर मिचम उठला तेव्हा त्याचं अंग रक्तबंबाळ होतं, कारण ते गवत नव्हतं, खाजकुइलीसारखी काटेरी वनस्पती होती. ह्यूस्टनने विचारलं, मग बोलला का नाहीस? मिचमने सांगितलं, तूच करायला सांगितलंस ना.

‘‘बघा,’’ ही माझ्याकडे बघून म्हणाली. मागच्या आठवड्यात माळ्यावरची कढई काढताना मी केलेला आरडाओरडा तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसला. डोक्यावर कोळ्याचं जाळं पडलं होतं, हे तिने जमेस धरलं नाही.

त्यानंतर मी पक्ष बदलला नाही, पण तंत्र थोडं उचलून बघितलं. एका सकाळी चहा घेताना मी पापण्या अर्ध्या खाली सोडल्या, एक भुवई उचलली, आणि तिने विचारलेल्या प्रश्नाला लगेच उत्तर न देता कपाच्या कडेवरून तिच्याकडे बघत राहिलो. ती दोन मिनिटं निरखून बघत होती. माझ्या छातीत थोडं धडधडलंसुद्धा.

‘‘रात्री पुन्हा ती भजी खाल्लीत ना?’’ ती म्हणाली आणि इनोचं पाकीट घेऊन आली.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी आणखी एक खेळी केली. १९७५ चा ‘फेअरवेल, माय लव्हली’ लावला, मूळ नावाने. यात मार्लो म्हणजे मिचम, वय अठ्ठावन्नच्या घरात, डोळ्यांखाली पिशव्या. तीन वर्षांनी त्याने ‘द बिग स्लीप’मध्येही मार्लो केला, पण तो सिनेमा लॉस एंजेलिसहून उचलून इंग्लंडात नेऊन ठेवलाय, पुरणपोळी केचपबरोबर खाल्ल्यासारखं वाटतं, त्यामुळे त्याबद्दल आमच्यात मतभेद नाहीत. पण पहिला बघताना मी हळूच हिच्याकडे बघितलं. म्हटलं, आता तरी? पोट आलंय, श्वास लागतोय. ती मात्र पूर्वीसारखीच गप्प होऊन बघत होती, साडी मनात बसल्यासारखी. मला एकाच वेळी वाईट वाटलं आणि आशाही वाटली. माणूस एकसष्ठीला आला की हे दोन्ही बरोबर होऊ शकतं.

१ जुलै १९९७ ला मिचम गेला. दुसऱ्याच दिवशी जेम्स स्ट्यूअर्ट गेला, सगळ्या अमेरिकेचा लाडका सज्जन, आणि मिचमच्या वाट्याचे रकाने त्याला गेले. हे मी हिला सांगितलं तेव्हा वाटलं होतं ती चिडेल. ती म्हणाली, ‘‘त्याला चाललं असतं.’’

परवा लक्ष्मी रोडवर तिला साडी घ्यायची होती. मी नेहमीसारखा बाहेर थांबलो. पाऊस भुरभुरत होता. अंगात रेनकोट होता. मेक्सिकोत मिचम कसा त्या बाईची वाट बघत बसतो, हे मला आठवलं. मी रेनकोटची कॉलर वर केली, टोपी जरा तिरकी केली, भिंतीला खांदा टेकवला, आणि समोरच्या ओल्या रस्त्यावरच्या दिव्यांकडे अर्ध्या पापण्यांनी बघत उभा राहिलो. सिगारेट सोडून बावीस वर्षं झाली, म्हणून बडीशेप चघळली. पाऊण तास गेला. एक रिक्षावाला दोनदा विचारून गेला. मी नुसती भुवई उचलली. तिसऱ्यांदा तो थांबला नाही.

ती बाहेर आली, हातात तीन पिशव्या. उंबऱ्यावर थांबली. माझ्याकडे बघितलं, कॉलरकडे, टोपीकडे, आणि एक क्षण, मी शपथेवर सांगतो, एक क्षण ती गप्प झाली.

‘‘अहो, असे काय भिजत उभे आहात?’’ ती म्हणाली. ‘‘आत नवऱ्यांसाठी खुर्च्या ठेवल्यात. पंखा पण आहे.’’